रिपोर्ट चांगला आहे, मग दादा असे का झालेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझ्या मोठ्या भावाला (वय ४१) आठ महिन्यांपूर्वी एचआयव्ही निघाला. एआरटी सेंटरच्या (एचआयव्हीवरच्या सरकारी उपचार केंद्राच्या) गोळ्या तो एकही दिवस चुकवत नाही. सहा महिन्यांनी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूंची मोजणी) केला, विषाणू आढळला नाही असा रिपोर्ट आला. वहिनी आणि सहा वर्षांची पुतणी, दोघींच्या टेस्ट निगेटिव्ह आहेत. पण दादा दिवसेंदिवस गप्प होत चाललाय. रात्री दोन-तीनला उठून ओट्यावर बसतो. स्वतःचं ताट-पेला वेगळा ठेवतो, मुलीला जवळ घेत नाही. एमआयडीसीत फिटर आहे, कंपनीत कळेल म्हणून सारखा धास्तावलेला असतो. परवा म्हणाला, मी नसलो तर तुमची सगळ्यांची कटकट जाईल. घरात फक्त मला आणि वहिनीला माहीत आहे, आई-अण्णांना नाही. हा गोळ्यांचा परिणाम आहे, आजार डोक्यात गेलाय, की नुसतं टेन्शन? सेंटरचे डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल आहे."

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. २००१ पासून पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी काम करते आणि त्यातली बरीच वर्षं आठवड्यातला एक दिवस एआरटी सेंटरला बसते. तुमच्या तिन्ही शंकांची उत्तरं देते, पण त्याआधी परवाच्या त्या वाक्याबद्दल बोलू. ते थांबू शकत नाही.

"मी नसलो तर कटकट जाईल" हे वैतागून बोललेलं असेलही. तसं समजून सोडून मात्र देऊ नका. आज जेवणं झाली की दादांना एकट्याला बाहेर घेऊन बसा आणि सरळ विचारा, "दादा, तू परवा बोललास ते माझ्या डोक्यातून जात नाही. जीव द्यावा असं तुझ्या मनात येतं का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल, अशी भीती घरच्यांना हमखास वाटते. तसं होत नाही. माझ्या अनुभवात तर उलटच दिसतं. महिनोन्महिने एकट्याने वागवलेली गोष्ट कुणीतरी नाव घेऊन विचारली की माणूस आधी रडतो आणि मग बोलायला लागतो. "हो" म्हणाले तर पुढचंही विचारा: कसं करायचं ठरवलंय, कधी, त्यासाठी काही आणून ठेवलंय का. घाबरू नका, वाद घालू नका, मुलीची शपथ घालू नका. ऐका.

शेती आहे की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण खेड्यातलं घर म्हणजे फवारणीचं औषध कुठेतरी असतंच. ते आजच घराबाहेर काढा आणि लांबच्या नातेवाइकांकडे ठेवा. उंदराचं औषध आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटंही काढा. आत्महत्येची तीव्र ऊर्मी बऱ्याचदा काही मिनिटं, फार तर काही तास टिकते. त्या वेळात हाताशी विष नसेल तर माणूस वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली, तेव्हा तिथल्या आत्महत्या निम्म्याहून खाली आल्या. बेत ठरलेला असेल तर रात्रभर त्यांच्यासोबत राहा आणि जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा, सकाळची वाट पाहू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो. तिथे मराठीतून बोलता येतं, आणि तुम्हाला स्वतःला धीर हवा असेल तेव्हाही लावता येतो.

आता तुमचे तीन प्रश्न.

गोळ्यांचा परिणाम आहे का? थोडा असू शकतो, आणि तो शोधणं सोपं आहे. सध्या सरकारी सेंटरमध्ये मोठ्या माणसांना बहुतेक टीएलडी देतात, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्रॅव्हिर एकाच गोळीत. यातल्या डोलुटेग्रॅव्हिरमुळे काही जणांची झोप उडते. गोळी रात्री घेत असतील तर सेंटरच्या डॉक्टरांना विचारून सकाळी घेऊन बघा. काहींची झोप एवढ्यावरच मार्गी लागते. कधीतरी मनावरही परिणाम होतो, म्हणून गोळी सुरू झाल्यावर नेमकं कधीपासून बिघडलं याची नोंद डॉक्टरांना सांगावी. पूर्वी एफाव्हिरेन्झ असलेली गोळी असायची. तिने चक्कर यायची, भीतीदायक आणि अगदी खरी वाटणारी स्वप्नं पडायची, काहींना उदासी यायची. गावातला कुणी जुना पेशंट "या गोळ्यांनी वेड लागतं" म्हणाला असेल तर तो त्या जुन्या गोळीबद्दल बोलतोय. टीबी होऊ नये म्हणून सहा महिने आयसोनियाझिड देतात. तिनेही क्वचित माणूस भ्रमिष्टासारखा वागतो. दादांनी ती घेतली असेल तर तेही सांगा. काहीही झालं तरी स्वतःच्या मनाने टीएलडी बंद करायची नाही.

आजार डोक्यात गेलाय का? ही भीती अगदीच निराधार नाही. एचआयव्ही लागण झाल्यावर लवकरच मेंदूपर्यंत पोचतो. मोफत उपचार नव्हते तेव्हा शेवटच्या टप्प्यात विसरभोळेपणा, संथपणा, घरच्यांनाही न ओळखणं असं मी पाहिलेलं आहे. उपचार आल्यापासून ते चित्र दुर्मीळ झालंय. लक्ष न लागणं, कामात सुस्ती अशा सौम्य तक्रारी काहींमध्ये अजून दिसतात. दादांचा विषाणू सहा महिन्यांत दबला आहे, त्यामुळे मला याची शक्यता कमी वाटते. तरी सुरुवातीचा सीडीफोर, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, किती होता ते त्यांच्या पुस्तकात बघा. तो दोनशेच्या खाली असेल आणि त्यात डोकेदुखी, ताप, उलट्या, बोलण्यात असंबद्धपणा, झटका, किंवा हातापायात कमजोरी यातलं काहीही दिसलं, तर त्याला टेन्शन म्हणू नका. मेंदूचा टीबी, बुरशीचा मेंदूज्वर, टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग यांची सुरुवात अशी होते, आणि त्यात दिवस वाया घालवणं महागात पडतं. सोबत थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्यावं. साध्या गोष्टी आहेत, पण सुटून जातात.

राहिलं टेन्शन. त्याच्यामागचा "नुसतं" हा शब्द मात्र काढा.

तुम्ही जे लिहिलंय, पहाटे जाग येणं, माणसांतून उठून जाणं, लाडक्या मुलीला दूर ठेवणं, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटणं, ते मला नैराश्य वाटतं. एचआयव्ही असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या निदान दुपटीने आढळतं. सेंटरचे डॉक्टर "नॉर्मल" म्हणाले ते खोटं नाही. त्यांनी रक्त पाहिलं आणि रक्त चांगलं आहे. पुढच्या रांगेत शंभर माणसं उभी असताना "झोप लागते का, जगावंसं वाटतं का" हे विचारायचं राहून जातं. हे योग्य नाही, आणि मी त्याच व्यवस्थेत बसून हे सांगतेय. खरं तर नऊ प्रश्नांची एक साधी चाचणी असते. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, भूक कशी होती, मरण बरं असं वाटलं का, असे प्रश्न. पाच मिनिटं लागतात. प्रत्येक व्हायरल लोडसोबत ती करावी, असं माझं मत आहे.

आपल्याकडचं नैराश्य "मी उदास आहे" असं म्हणत येत नाही, हेही ध्यानात घ्या. छातीत धडधडतं, तोंडाला चव नाही, अंगात कणकण, डोकं सुन्न होतं, पोटात खड्डा पडतो अशा तक्रारी येतात. एचआयव्हीत या तक्रारींचा अर्थ माणूस लगेच "आजार वाढला" असा लावतो, त्याने भीती वाढते आणि तक्रारीही वाढतात. अशा चक्रात अडकून वर्षभर रक्ताच्या तपासण्या करत फिरलेले पेशंट माझ्याकडे आलेत.

आता ताटाबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळं ताट.

दोन-तीन पेशंटच्या हकिकती एकत्र करून, ओळख पुसून सांगते. गिरणी चालवणारा एक गृहस्थ अकरा वर्षं माझ्या ओळखीचा होता. त्याचा विषाणू कित्येक वर्षं दबलेला होता, वजन चांगलं होतं, गिरणी जोरात चालली होती. एकदा त्याची बायको सहज बोलून गेली की हे कपडे अजून वेगळ्या बादलीत धुतात. मी त्याला विचारलं. तो बराच वेळ खाली बघत राहिला आणि म्हणाला, "बादली एक केली की मला घाण झाल्यासारखं वाटतं." कपड्यांतून लागण होत नाही हे त्याला तोंडपाठ होतं. नवीन पेशंटना तो स्वतःच समजावून सांगायचा. त्याची बादली संसर्गासाठी नव्हतीच. ती त्याने स्वतःला दिलेली शिक्षा होती, आणि ती कधी संपणार हे ठरवणारं कुणी नव्हतं.

दादांचं ताट बहुधा तसंच आहे. म्हणून "अरे, ताटातून काही होत नाही" एवढं सांगून ते परत मांडीला मांडी लावून बसणार नाहीत. तरीही शास्त्र काय म्हणतं ते त्यांना आणि वहिनींना नीट कळायला हवं, कारण अर्धवट माहितीच्या फटीतूनच शरम आत शिरते. ताट, पेला, टॉवेल, संडास, मिठी, मुका, डास यांतून एचआयव्ही जात नाही, हे गोळ्या नसतानाही खरं होतं. आता त्याहून मोठी गोष्ट सिद्ध झाली आहे. एका जोडीदाराला लागण असलेल्या १,७६३ जोडप्यांवर नऊ देशांत एक अभ्यास झाला. त्यात आपल्या पुण्यातली जोडपीही होती. २०११ साली त्याचे निष्कर्ष आले: लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. पुढे युरोपात ७८२ पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकाचा विषाणू औषधाने दबलेला होता. निरोधाशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध आले आणि जोडीदाराकडून एकही लागण झाली नाही. शून्य. विषाणू सापडत नसेल तर शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही, असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. (स्तनपानाला हा नियम तसाच लावता येत नाही, आणि निरोधाने बाकीचे गुप्तरोग टळतात, म्हणून ती चर्चा सेंटरमध्ये वेगळी करावी.) ज्या माणसापासून बायकोलाही धोका नाही, तो सहा वर्षांच्या लेकीला मांडीवर घ्यायला घाबरतोय. हे वाक्य दादांना तुम्ही सांगू नका. सेंटरच्या समुपदेशकांकडून, रिपोर्ट समोर ठेवून, दादा आणि वहिनी दोघांनी शेजारी बसून ऐकावं. अधिकाराच्या माणसाने कागद दाखवून सांगितलेलं वेगळं उतरतं.

ही शरम एवढी खोल का, तेही सांगते, म्हणजे दादांचा राग येणार नाही. आज चाळिशीत असलेल्या माणसाच्या लहानपणी आणि तरुणपणी एड्स म्हणजे भिंतीवरची कवटी आणि "एड्स म्हणजे मृत्यू" असली अक्षरं. त्या भीतीतून किती जण सावध झाले मला माहीत नाही, पण पॉझिटिव्ह निघालेला प्रत्येक माणूस ते पोस्टर स्वतःवर लावून घेताना मी पाहिलाय. आणि त्या काळी ते खोटंही नव्हतं. मी कामाला लागले तेव्हा गोळ्या होत्या, पण विकत. लोकांनी जमिनी विकल्या, सहा महिने गोळ्या घेतल्या, पैसे संपले आणि गेले. १ एप्रिल २००४ ला देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत एआरटी सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. पुढे हळूहळू ती जिल्ह्यांपर्यंत आली. तोवर सीडीफोर अमुक इतका खाली आला तरच गोळ्या मिळत. २०१७ पासून निदान होताच सगळ्यांना मिळतात. वैद्यकशास्त्र इतकं पुढे आलं, पण गावातल्या पारावरचं एड्सचं चित्र २००० सालीच थांबलंय. एड्स म्हणजे एचआयव्हीने प्रतिकारशक्ती पार खचल्यावरची अवस्था, आणि तुम्ही लिहिलंय त्यावरून दादा तिथे दिसत नाहीत. एचआयव्हीची लागण आहे आणि ती काबूत आहे. हा फरक बोलण्यात पाळा. घरात "तो आजार", "ते दुखणं" असं आडून बोलत असाल तर एकदा तरी एचआयव्ही असं नाव घेऊन बोला.

आणि लपवणं. हे किती कष्टाचं काम आहे याची बाहेरच्याला कल्पना येत नाही. डबीवरचं लेबल खरवडून काढायचं. गोळ्या खुळखुळू नयेत म्हणून कापूस कोंबायचा. कुणी विचारलंच तर "शुगरची आहे". आपल्या तालुक्याचं केंद्र जवळ असून ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोन एसट्या बदलून दुसरीकडे जायचं आणि दिवसाचा खाडा करायचा. रांगेत भावकीतलं कुणी दिसलं तर तोंडाला रुमाल बांधून मागे फिरायचं. (तो भावकीतलाही त्याच रांगेत असतो, हे घाबरलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही.) दिवसाचे चोवीस तास मनाचा एक कोपरा पहाऱ्यावर असतो. मग झोप कुठून येणार? माझ्या बघण्यात गोळीच्या दुष्परिणामांपेक्षा या पहाऱ्याने माणसं जास्त थकतात.

म्हणून कंपनीची धास्ती कमी करणं हा उपचाराचाच भाग समजा. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून नोकरीवरून काढणं, भेदभावाने वागवणं, उपचार नाकारणं या कायद्याने बेकायदा आहे. लेखी संमतीशिवाय कुणी त्याची स्थिती उघड करायची नाही. नोकरीसाठी एचआयव्हीची तपासणी सक्तीची करता येत नाही. तक्रारीसाठी लोकपालाची तरतूद आहे. कायदा कागदावर असतो आणि फोरमन कंपनीत असतो, हे मला कळतं. तरी एक जुनी गोष्ट दादांना सांगा. हा कायदा येण्याच्या वीस वर्षं आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयात एका रोजंदारी कामगाराचा खटला चालला. एचआयव्ही निघाला म्हणून त्याचं काम गेलं होतं. कोर्टाने त्याला खरं नाव न लावता लढू दिलं आणि निकाल दिला की काम करायला जो धडधाकट आहे त्याला केवळ एचआयव्हीवरून डावलता येणार नाही. तो निकाल आजही फक्त अक्षरांनी ओळखला जातो. नाव झाकून हक्क मिळवता येतो, हे दादांसारख्या माणसाला ऐकून बरं वाटेल. सेंटरमधूनच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची मोफत मदत मिळवून देतात.

उपचारांचं बोलू. पुढच्या तारखेची वाट न बघता जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मिळतात. मध्यम किंवा तीव्र नैराश्य असेल तर डॉक्टर एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालीनसारखी गोळी देतील. या दोन्ही टीएलडीबरोबर चालतात. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर "काही फरक नाही" म्हणून सोडू नये. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि थोडी बेचैनी होऊ शकते, तेव्हा जास्त लक्ष ठेवा. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवतात. सवय लागत नाही, पण एकदम बंद करायची नसते. कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तरी टीएलडी चालू असल्याचं लपवू नका, कारण फिटवर किंवा मज्जातंतूंच्या दुखण्यावर देतात त्या कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइनने डोलुटेग्रॅव्हिरचं रक्तातलं प्रमाण घटतं. कॅल्शियम, लोह आणि पित्तावरची पातळ औषधंही त्याच वेळी घ्यायची नसतात. गावात झोपेसाठी अल्प्राझोलाम सर्रास देतात. तिने दोन रात्री झोप लागते, नैराश्य तिथेच राहतं, आणि वर सवय लागते.

दारूबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. शिफ्ट सुटल्यावर "झोपेपुरती" क्वार्टर सुरू झाली आहे का, ते बघा. दारूने उदासी वाढते, गोळी चुकते आणि वाईट क्षणी हात आवरत नाही. माझ्याकडच्या आत्महत्येच्या प्रयत्नांत दारू फार वेळा होती.

गोळीइतकंच महत्त्वाचं म्हणजे बोलणं आणि पुन्हा हालचालीत येणं. सगळं एकदम होत नाही. पहिल्या आठवड्यात एवढंच ठरवा की संध्याकाळी मुलीला दुकानापर्यंत चालत न्यायचं, तेही बोट धरून. मग तिचा अभ्यास शेजारी बसून. मग जेवण. तुम्ही स्वतः दादांच्या ताटातली भाकरी मोडून घ्या, काही न बोलता. भाषण देऊ नका. हे मी कित्येक घरांत करायला सांगितलंय आणि एका घरात तर पंधरा दिवसांनी तो माणूस स्वतःच्या हाताने ताट मांडणीत ठेवून आला होता. "टेन्शन घेऊ नकोस", "मन खंबीर कर", "तुझ्यापेक्षा वाईट हाल असलेले लोक आहेत" ही तीन वाक्यं टाळा. ऐकणाऱ्याला ती दार लावल्यासारखी लागतात. कुठून लागण झाली हेही विचारू नका. सांगावंसं वाटलं तर सांगतील.

दुसऱ्या पॉझिटिव्ह माणसाशी भेट हा उपाय मी औषधाच्या बरोबरीने मानते. पंधरा-वीस वर्षं गोळ्या घेऊन, पोरांची लग्नं लावून, रोज कामाला जाणारा माणूस समोर बसला की दादांच्या डोक्यातली कवटी हलते. महाराष्ट्रात पॉझिटिव्ह लोकांचे जिल्हावार गट आहेत, त्यांचे कार्यकर्ते बऱ्याच सेंटरमध्ये येतात. समुपदेशकांना सांगा की वय आणि काम जुळणारा माणूस भेटवा. जन्मापासून एचआयव्हीसह वाढलेली मुलंही आता विशी-पंचविशीत आहेत. वधू-वर मेळाव्यांत त्यांची लग्नं जमताना मी पाहिली आहेत. हे दादांच्या कानावर पडू द्या.

वहिनींबद्दल तुम्ही एक ओळ लिहिलीत. त्यांच्यासाठी मला जास्त लिहायचंय. २००४-०५ च्या सुमाराला माझ्याकडे येणाऱ्या बायकांतल्या कितीतरी जणींना स्वतःचा आजार नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात किंवा गरोदरपणाच्या तपासणीत कळलेला असायचा. नवरा गेला की सासर "पांढऱ्या पायाची" म्हणून बाहेर काढायचं, जमिनीत नाव लागायचं नाही. त्या बायकांचं नैराश्य गोळ्यांनी हलायचं नाही, सातबाऱ्यावर नाव लागल्यावर हलायचं. वहिनींची टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही असं धरू नका. नवऱ्याचा राग आहे, तो बोलता येत नाही, कारण तो आजारी आहे आणि मरणाची भाषा करतोय. माहेरी सांगता येत नाही. सासू-सासऱ्यांसमोर रोज हसरा चेहरा ठेवायचा. लेकीला बाप जवळ का घेत नाही याचं उत्तर त्यांनाच द्यावं लागतं. पुढच्या तपासण्या कधी करायच्या ते सेंटरला विचारून त्यांना सोबत न्या, आणि समुपदेशकांसमोर त्यांना दादांशिवाय अर्धा तास एकटीला बसू द्या. त्या चिडल्या, दादांना बोलल्या, तर तुम्ही मध्ये पडू नका. आठ महिने दाबलेलं आहे ते.

पुतणीला काही सांगायची आज गरज नाही. पण सहा वर्षांची पोर बापाचा दुरावा स्वतःची चूक समजते. "बाबांना बरं नाही, तुझ्यामुळे नाही, ते बरे होतायत" एवढं तिला कुणीतरी सांगा.

आई-अण्णांना सांगायचं का, हा निर्णय पूर्णपणे दादांचा. लपवून ठेवणं जड जातं म्हणून सगळ्यांना सांगून टाकावं, असा सल्ला मी देत नाही. सांगितल्यावर घरातून बाहेर काढलेली माणसं मी पाहिली आहेत. कुणाला, का आणि कोणत्या दिवशी सांगायचं हे आधी समुपदेशकांबरोबर बसून ठरवावं. नैराश्य जोरात असताना तर नकोच. त्या मनःस्थितीत समोरच्याचा क्षणभराचा धक्काही "मला टाकलं" असा वाचला जातो. तीन-चार महिन्यांनी झोप-भूक सुधारली की हा प्रश्न पुन्हा काढा.

तारखेला जाताना एका कागदावर चार गोष्टी लिहून न्या: झोप कधीपासून गेली, टीएलडी किती वाजता घेतात, आयसोनियाझिड घेतली का, आणि परवाचं ते वाक्य जसंच्या तसं. शेवटची ओळ डॉक्टरांसमोर दादांना वाचावी लागली नाही तर बरं, तुम्ही वाचा. मानसोपचार विभागातून गोळी लिहून दिली की तिचं नाव मला कळवा, टीएलडीबरोबर चालते का ते बघून सांगते. आणि आज रात्री दादांनी काय उत्तर दिलं, तेही कळवा.